तारण आणि रोजचं जगणं: मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्बाथशाळेत, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यातला विश्वास मोठेपणी स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात आणि प्रार्थनासभेनंतर चहा घेताना जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं नगर भागातल्या प्रोटेस्टंट मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, वाढलेल्या माणसाची आहेत, त्यामुळे वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिक वाचकाला काही ठिकाणी वेगळा सूर लागेल. वचनांचे संदर्भ दिले आहेत. पवित्र शास्त्र (बायबल) जवळ घेऊन वाचलंत तर बरं.

तारण म्हणजे मेल्यावर स्वर्गात जाणं, एवढंच ना?

नाही. बायबलचा दुसरा भाग, म्हणजे नवा करार, तारणाबद्दल तिन्ही काळांत बोलतो. इफिसकरांस पत्रात (2:8) ते झालेलं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (1:18) ते होत आहे. रोमकरांस पत्रात (5:9) ते व्हायचं आहे. जुने पाळक यालाच नीतिमान ठरणं, पवित्रीकरण आणि गौरव म्हणत. आपल्याकडे पहिल्याची साक्ष दिली जाते, तिसऱ्याची आठवण अंत्यविधीला काढली जाते, आणि मधल्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मधला भाग म्हणजे सोमवार ते शनिवार. या पानावरचे बहुतेक प्रश्न तिथलेच आहेत.

तारण नेमकं कशापासून?

पापापासून, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण पाप म्हणजे काय, असं विचारलं की दारू, तंबाखू, सिनेमा, पत्ते अशी यादी सुरू होते. ही पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने गलतीकरांस पत्रात (5:19-21) देहाच्या कर्मांची यादी दिली आहे, ती एकदा सावकाश वाचा. त्यात व्यभिचार आहे, दारूबाजी आहे, पण निम्मी यादी वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी यांनी भरलेली आहे. म्हणजे बांधावरून सख्ख्या भावाशी दहा वर्षं अबोला धरणारा निर्व्यसनी माणूसही त्याच यादीत बसतो. पंचकमिटीच्या, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीच्या, निवडणुकीत मंडळीचे दोन तट पाडणाराही बसतो.

पापाचा दोष, पापाची आपल्यावरची सत्ता आणि पापाचा शेवट म्हणजे मरण, या तिन्हींतून सुटका हा तारणाचा पूर्ण अर्थ. दोष क्षमेने जातो. सत्ता मात्र हळूहळू सुटते, आणि तिथेच माणसाचा कस लागतो.

मी कुणाचं वाईट केलेलं नाही, दानधर्म करतो. मग तारण वेगळं कशाला हवं?

हा प्रश्न मंडळीबाहेरचे विचारतात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो मंडळीतल्याच पुष्कळांच्या मनात असतो. चांगली कर्मं आणि तारण यांचा संबंध आहेच, फक्त क्रम उलटा आहे. इफिस 2:8-9 आपण पाठ करून घेतो: कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नाही. तिथेच थांबतो. दहावं वचन सांगतं की देवाने आपल्याला सत्कृत्यांसाठी निर्माण केलं. तारण आधी, कामं नंतर. कामं आधी ठेवली की माणूस एक तर फुगतो, नाहीतर खचतो.

फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याची गोष्ट (प्रेषितांची कृत्ये 16) या क्रमासाठी पाहावी. संध्याकाळी त्याने पौल आणि सीला यांना आतल्या कोठडीत घालून त्यांचे पाय खोड्यात अडकवले होते. पाठीवर फटक्यांच्या जखमा उघड्या होत्या, त्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली, आणि हा थरथर कापत विचारतो की माझं तारण व्हावं म्हणून मी काय करू. उत्तर आलं, प्रभू येशूवर विश्वास ठेव. जखमा धू, असं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. पण त्याच रात्री, त्याच घटकेला त्याने त्यांच्या जखमा धुतल्या, मग बाप्तिस्मा घेतला, घरी नेऊन जेवू घातलं. खोडा अडकवणाऱ्या हातांनीच पाणी आणलं. तारण रोजच्या आयुष्यात कसं दिसतं, याचं याहून नेमकं चित्र मला ठाऊक नाही.

पण याकोब आपल्या पत्रात तर म्हणतो की क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. पौल खरा की याकोब?

दोघेही. पौलासमोर कामांच्या जोरावर देवाकडे हक्क मागणारे लोक होते. याकोबासमोर उघड्या-उपाशी भावाला 'सुखाने जा, ऊब घ्या, पोटभर खा' असं म्हणून रिकाम्या हाताने वाटेला लावणारे होते (2:15-16). नुसतं मानणं पुरेसं असतं तर भुतंही मानतात आणि थरथर कापतात, हा याकोबाचा टोला आहे (2:19). दोघेही अब्राहामाचंच उदाहरण देतात. पौल उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातून, जिथे त्याने देवावर विश्वास ठेवला; याकोब बाविसाव्यातून, जिथे तो मुलाला अर्पण करायला निघाला. मध्ये बरीच वर्षं गेली होती.

कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात, हे खरं का?

नाही, आणि हे आता तरी बोलायचं थांबवावं. सोळाव्या शतकात वाद टोकाचा होता. ट्रेंटच्या धर्मसभेने 1547 मध्ये लूथरसारख्या धर्मसुधारकांची मतं नाकारली, प्रोटेस्टंट बाजूच्यांनीही कसर ठेवली नाही. पण 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि जागतिक लुथरन संघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही पुण्याईवर नव्हे, तर केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, हे दोघांनी मिळून म्हटलं. पुढे 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड (कॅल्विनच्या परंपरेतल्या) मंडळ्याही त्यात सामील झाल्या.

फरक उरले आहेत: संस्कारांचं स्थान, धर्मगुरूपुढे पापनिवेदन, मृतांसाठी प्रार्थना. 2 नोव्हेंबरला कॅथलिक कुटुंबं कबरींवर मेणबत्त्या लावून प्रार्थना करतात ती मृत्यूनंतरच्या शुद्धीकरणावर श्रद्धा असल्यामुळे. आम्ही ती करत नाही. नगरची मुलगी वसईत दिली की हे विषय पहिल्याच वर्षी निघतात. तेव्हा भांडणाआधी एकमेकांची उपासना एकदा नीट बसून पाहावी.

लहानपणी बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं. म्हणजे माझं तारण झालंच ना?

इथे पंडिता रमाबाईंचं सांगण्यासारखं आहे. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, तोही चांगला विचार करून, शंका विचारून. संस्कृतच्या पंडिता, कुणाच्या दडपणाखाली येणाऱ्या नव्हत्या. तरी पुढे 1907 मध्ये आपली साक्ष लिहिताना त्या म्हणतात की ख्रिस्ती धर्म मला सापडला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. ते व्हायला बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं जावी लागली. तोवर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालेलं होतं. म्हणजे कामं जोरात चालली होती आणि मन मात्र अस्वस्थ होतं.

यावरून बाप्तिस्मा निरर्थक आहे असं कुणी काढू नये. रमाबाईंनी तसं काढलं नाही. बाप्तिस्म्यात देवाने दिलेला शब्द खरा असतो. तो आपण स्वतःचा म्हणून घेतला का, हा पुढचा प्रश्न, आणि तो तुमच्यासाठी आईबाप किंवा पाळकसाहेब सोडवू शकत नाहीत. नंतर 1896 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथल्या मुलींना आधी भाकर मिळाली, मग अक्षर, मग हाताला काम. तारणाचा उपदेश त्याच अंगणात होत होता. एक झाल्यावर दुसरं, अशी वाटणी तिथे नव्हती.

मला तारणाची तारीख सांगता येत नाही. सभेत साक्ष द्यायला सांगितलं की अवघडतो.

पौलाला दमास्कसच्या वाटेवरचा दिवस सांगता येत होता. तीमथ्याला तसा दिवस असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. त्याचा विश्वास आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून आला (2 तीमथ्य 1:5). पौलाने त्याला दुय्यम मानलं नाही. नाट्यमय साक्षींना आपल्या सभांत जरा जास्तच भाव मिळतो, आणि मग साधी माणसं आपलं पूर्वायुष्य थोडं रंगवून सांगू लागतात. त्याची गरज नाही. आज ख्रिस्तावर भरवसा आहे का, एवढं पुरे.

पैशाच्या व्यवहारात तारणाचा काय संबंध?

मला विचाराल तर पहिला संबंध तिथेच. जक्कयाची गोष्ट (लूक 19) लहान मुलांना झाडाचं चित्र रंगवायला देऊन आपण संपवतो. खरी गोष्ट तो झाडावरून उतरल्यावर सुरू होते. तो यरीहोचा मुख्य जकातदार. आमच्या भागात असता तर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर असता, आणि काटामारीत त्याचा वाटा ठरलेला असता. शेतकरी रात्रभर थंडीत ट्रॉलीवर बसून नंबर लावणार, आणि सकाळी आकडा याच्या मर्जीचा.

येशूने त्याला उपदेश केल्याचं लूक लिहीत नाही. फक्त तुझ्या घरी उतरायचं आहे, असं म्हणाला. लोक कुरकुरले. जक्कय उभा राहिला आणि हिशेब मांडला: अर्धं द्रव्य गरिबांना, आणि ज्यांचं अन्यायाने घेतलं त्यांना चौपट परत. आता नियमशास्त्र काय सांगत होतं ते पाहा. आपण होऊन कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश द्यावा (गणना 5:7). म्हणजे शंभराला एकशेवीस. हा चारशे देतो आहे. चौपट हा मेंढरू चोरून विकणाऱ्याचा दंड होता (निर्गम 22:1). जक्कयाने स्वतःला चोराच्या कलमात बसवलं. त्यानंतर येशू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं.

आपल्या गावात याचा अर्थ काय होईल? बहिणीची सही घेऊन नावावर करून घेतलेली जमीन. हातउसने घेऊन विसरलेले पैसे. मंडळीच्या शाळेत नोकरी लावून देतो म्हणून घेतलेली रक्कम. चर्चच्या जागेचे परस्पर झालेले व्यवहार तर सगळ्यांना माहीत असतात. या गोष्टींसाठी रविवारी डोळे मिटून क्षमा मागता येते, आणि क्षमा मिळतेही. पण ज्याचे पैसे त्याला मिळाले का, हा प्रश्न त्या प्रार्थनेने मिटत नाही. बहिणीला फोन करावा लागतो, तलाठ्याकडे जावं लागतं.

तारण झालं, तरी तोच राग, तीच सवय पुन्हा पुन्हा येते. मग झालं तरी की नाही?

योहानाच्या पहिल्या पत्रातलं पापं कबूल करण्याचं वचन (1:9) विश्वासणाऱ्यांना लिहिलेलं आहे, बाहेरच्यांना नाही. म्हणजे पुन्हा पडणार हे गृहीत धरलेलं आहे. रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात, करायचं ते करत नाही आणि नको ते करतो, ही ओढाताण फार प्रांजळपणे आली आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. दारूचं व्यसन असेल तर केवळ हात ठेवून प्रार्थना करून घेऊ नका. व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हा, समुपदेशकाकडे जा आणि प्रार्थनाही करा. घरात मारहाण होत असेल तर मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर, हा तुझा वधस्तंभ आहे' असं सांगणं हा सरळ अन्याय आहे. तिने सुरक्षित जागी जावं, गरज पडल्यास पोलिसांकडे जावं. क्षमा म्हणजे परिणाम पुसून टाकणं नव्हे.

मिळालेलं तारण जाऊ शकतं का?

यावर मंडळ्या चारशे वर्षं भांडत आल्या आहेत. 1618-19 मध्ये हॉलंडमध्ये डॉर्ट इथे भरलेल्या रिफॉर्म्ड मंडळ्यांच्या सभेने ठरवलं की देवाने धरलेला सुटत नाही. आधार म्हणून योहान 10:28 पुढे केलं जातं. वेस्लीची मेथडिस्ट परंपरा म्हणते की माणूस पाठ फिरवू शकतो, आणि इब्री 6:4-6 वाचून दाखवते. आपल्याकडे 1970 मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, काही मेथडिस्ट, बाप्तिस्ट असे सगळे एकाच छपराखाली आले. त्यामुळे एकाच बाकावर दोन्ही मतांची माणसं बसतात आणि उपासना नीट पार पडते. हा प्रश्न घाबरून विचारणाऱ्याला मी योहान वाचायला सांगतो, आणि निर्धास्तपणे विचारणाऱ्याला इब्री.

घरात मी एकटीच विश्वासात आहे. 'तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल' हे वचन माझ्यासाठी नाही का?

फिलिप्पैच्या त्याच तुरुंगाधिकाऱ्याला दिलेलं ते अभिवचन आहे, मुदत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरावर केवढं संकट आलं हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. त्या लगेच टिळकांच्या मागे गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळं राहणं झालं, मग एकत्र, तरी सोवळंओवळं चालूच. ते एकेक करून त्यांच्याच मनाने सोडलं आणि मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी ढकलून हे झालं नसतं. लक्ष्मीबाईंचा स्वभाव पाहता उलटंच झालं असतं.

पेत्रही बायकांना सांगतो की नवऱ्याला शब्दांवाचून, वागण्याने जिंकून घ्या (1 पेत्र 3:1). उशाशी पत्रकं ठेवणं बंद करा. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा सांभाळा. आणि सणावाराला घरात राबताना तोंड वाकडं करू नका. नैवेद्याचं, पूजेचं काय करावं हा कठीण प्रश्न आहे आणि त्याला एक उत्तर नाही. आपल्या पाळकांशी आणि आधी नवऱ्याशी मोकळेपणाने बोला.

तारण झालं म्हणजे जात गेली का?

जायला हवी होती. गलती 3:28 मध्ये यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष हे भेद ख्रिस्तात मोडले आहेत. नगर जिल्ह्यात मिशनच्या काळात महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येने आले, त्यात शाळेची आणि माणुसकीच्या वागणुकीची ओढ होतीच. त्यांचा विश्वास कमअस्सल होता असं म्हणणाऱ्यांनी उपाशी राहून शास्त्र वाचून पाहावं. पण आजही स्थळ पाहताना 'मूळचे कुठले?' हा प्रश्न कशासाठी असतो, हे विचारणारा आणि ऐकणारा दोघेही जाणतात. सरकारी कागदावर उलटा प्रकार: 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो 1956 मध्ये आणि बौद्धांना 1990 मध्ये मिळाला. कागद म्हणतो जात गेली, वेशीवरचा माणूस म्हणतो आहे. मंडळी कुणाचं ऐकते, ते लग्नाच्या पत्रिकेवर दिसतं.

प्रार्थना केली, तरी आजार बरा झाला नाही. माझा विश्वास कमी आहे का?

असं कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. पौलाने त्रोफिमाला मिलेतात आजारी सोडलं (2 तीमथ्य 4:20). तीमथ्याला पोटासाठी पाण्याऐवजी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगितलं (1 तीमथ्य 5:23). स्वतःच्या शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनंती केली, तो गेला नाही, 'माझी कृपा तुला पुरे आहे' हे उत्तर मिळालं (2 करिंथ 12). इन्सुलिन आणि रक्तदाबाची गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

मोक्ष आणि तारण एकच का?

नाही, पण परकेही नाहीत. जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटणं आणि देवाशी तुटलेलं नातं जुळून याच देहासकट नवं होणं, या दोन वेगळ्या आशा आहेत. तरीही गोव्यातले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये छापलेल्या क्रिस्तपुराण या मराठी काव्यात स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, आणि टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. मराठी ख्रिस्ती माणसाने अभंग ऐकताना कान झाकण्याचं कारण नाही.

माझे आजी-आजोबा ख्रिस्ती नव्हते. त्यांचं काय?

कॅथलिक चर्चने 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन सभेत म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान ठाऊक झालं नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. प्रोटेस्टंटांत यावर एकमत नाही. सर्व जगाचा न्यायाधीश योग्य तेच करील (उत्पत्ती 18:25) हे अब्राहामाचं वाक्य मी धरून आहे. आजीचा निकाल द्यायला आपल्याला कुणी बसवलेलं नाही.

शेवटच्या घटकेला विश्वास ठेवला तरी चालतं, मग आत्ता घाई कशाला?

वधस्तंभावरच्या त्या चोराला येशूने त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं, हे खरं. पण बाजूचा, थट्टा करणारा दुसरा चोरही शेवटच्याच घटकेत होता.

भावाशी बोलणं बंद आहे. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) घ्यावं की नाही?

अनेक जण अशा वेळी गुपचूप मागच्या बाकावर बसून राहतात, किंवा त्या रविवारी येतच नाहीत. येशूने दानाबाबत जे सांगितलं (मत्तय 5:23-24) ते इथेही लागू आहे: वस्तू तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. लक्षात घ्या, तिथे भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही असेल तर, असं म्हटलं आहे. चूक कुणाची, हे तिथे विचारलेलं नाही. तेव्हा शनिवारी संध्याकाळीच जा. शक्यतो प्रत्यक्ष जा, मोबाइलवर लांब मेसेज पाठवू नका, ते चारचौघांत फिरतात. सोबत मामा-काकांना नेऊ नका, पंचायत बसते. जमिनीचा विषय पहिल्या दिवशी काढू नका, आईच्या तब्येतीपासून सुरुवात करा. त्याने दार लावून घेतलं तर परत या आणि रविवारी प्रभुभोजन घ्या. आपल्याकडून होईल तितकं करावं, एवढंच रोम 12:18 मागतं. महिन्याभराने पुन्हा एकदा जाऊन या.